चौथ्या टाकीचा आधीचा आकडा

त्या उपचार केंद्रात दरवानापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. विज्ञानाची पदवी, प्रयोगशाळेचा स्वतंत्र अभ्यासक्रम, चौदा वर्षांची नोकरी, आणि इतके करून पदरात काय पडले, तर फरशी पुसणाऱ्या बाईला आणि त्यांना एकच हाक. फरशी पुसणाऱ्या बाईविषयी त्यांच्या मनात राग नव्हता; उलट त्या दोघींचे चांगले जमे, कारण इमारतीतली घाण कुठे कुठे साठते हे दोघींनाच नेमके ठाऊक होते. राग होता तो त्या हाकेतल्या सोयीचा. नाव लक्षात ठेवण्याचे कष्ट नकोत म्हणून नाते जोडायचे, ही त्यांच्या मते आळसाची सर्वांत गोड तऱ्हा होती.

पाठीमागे मात्र सगळे त्यांना अर्जबाई म्हणत. हे नाव त्यांना कळले होते आणि ते त्यांना तितकेसे खटकत नव्हते. निदान ते कमावलेले होते. शीतखोलीचे दार आपोआप लागत नाही, याबद्दल त्यांचे चार अर्ज होते. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये कुणीतरी जेवणाचा डबा ठेवतो, याबद्दल दोन. प्रतीक्षागृहातले घड्याळ सात मिनिटे मागे आहे, आणि इथे येणाऱ्या बायकांपाशी फुकट घालवायला सात मिनिटेही उरलेली नसतात, असा एक. प्रत्येक अर्जाला विषय, संदर्भ, जावक क्रमांक आणि कार्बन लावून काढलेली प्रत. उत्तर येत नसे. घड्याळ अजूनही सात मिनिटे मागेच होते आणि दार खुर्ची लावून बंद ठेवावे लागे.

चौदा वर्षांत त्यांचा एकच अर्ज मंजूर झाला. त्याची हकीकत पुढे येईलच, कारण सगळे रामायण त्याच अर्जाने घडवले.

बाईंचे काम थंडी सांभाळण्याचे. जिन्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत सहा टाक्या ओळीने उभ्या होत्या, कमरेइतक्या उंच, दुधाच्या मोठ्या कॅनसारख्या अरुंद गळ्याच्या. आत द्रवरूप नायट्रोजन, शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. आणि त्यात बुडवलेल्या, गवताच्या काडीएवढ्या नळ्यांत लोकांचे गोठवलेले भ्रूण. उपचारात पाच-सहा तयार झाले तर एक वापरायचा आणि उरलेले पुढच्यासाठी जपून ठेवायचे, अशी ती व्यवस्था. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही एवढा जीव, आणि त्याच्या भरवशावर माणसे घराच्या खोल्या ठरवत होती.

टाकी म्हणजे शेवटी मोठा थर्मासच. दोन भिंती, मध्ये पोकळी, आणि पोकळीतून हवा काढून घेतलेली. तरीही द्रव हळूहळू उडतो, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी वरून भर घालायची. किती उडाला ते मोजण्याची रीत इतकी साधी होती की नव्या व्यवस्थापकाला तिची लाज वाटे. काळी लाकडी पट्टी गळ्यातून तळापर्यंत सोडायची, दहापर्यंत आकडे म्हणायचे, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जिथपर्यंत ती द्रवात होती तिथपर्यंत पांढरे हिम धरते. पांढरे संपते तो आकडा वाचायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. ती पट्टी बाई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

चौथ्या टाकीत त्यांच्या भाचीचा एक भ्रूण होता.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, आणि पोर सातव्या वर्षापासून बाईंच्या हाताखाली वाढली. त्यांना मावशी म्हणण्याचा हक्क जगात खरा तिचा एकटीचा, आणि तीच तेवढी त्यांना माऊ म्हणे. ती मोठी होऊन शहरबस चालवू लागली. तिने लग्न केले ते त्याच डेपोतल्या इंजिन दुरुस्त करणाऱ्या शांत मुलाशी. एकोणतिसाव्या वर्षी तिच्या रक्तात कर्करोग निघाला. औषधे सुरू व्हायला सोळा दिवस होते, आणि औषधांनंतर बीजकोश कामाचे राहणार नव्हते. त्या सोळा दिवसांत बाईंनी एकही अर्ज केला नाही. त्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या आणि काम होईपर्यंत उठल्या नाहीत. तीन भ्रूण मिळाले. ते गोठवले गेले आणि योगायोगाने चौथ्या टाकीत ठेवले गेले.

पोरगी वाचली. केस परत आले, बस परत मिळाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा एक भ्रूण गर्भाशयात सोडला, रुजला नाही. मग दुसरा; तोही नाही. आता शेवटचा उरला होता, आणि त्याची तारीख तेवीस दिवसांवर आली होती. तो गेला तर पुन्हा बनवायला काही शिल्लक नव्हते. हे दोघींना ठाऊक होते आणि दोघीही त्यावर बोलत नव्हत्या. त्या बसच्या वेळापत्रकाला मिळून शिव्या घालत.

त्या मंगळवारी नायट्रोजनची गाडी आली. गाडीचा चालक जाडजूड, थट्टेखोर माणूस. गेली नऊ वर्षे तोच पिंपे उतरवत होता.

"मावशी, घरात पाहुणे वाढलेत वाटतं," तो पिंप ढकलत म्हणाला. "पूर्वी दोन पिंपांत भागायचं. आता तीन पुरत नाहीत. पिताय की काय?"

बाईंनी त्याला सुनावले की पिंपे तुमच्याच गाडीत गळत असतील, आणि तसा अर्ज मी तुमच्या मालकाकडे करीन. तो हसत निघून गेला. पण दार लावायला खुर्ची ओढताना त्यांचा हात थांबला. सहा टाक्या त्याच. आतले भ्रूण जवळपास तेवढेच. मग तिसरे पिंप जात होते कुठे?

त्यांनी एकेका टाकीच्या गळ्याला हात लावून पाहिला. पहिली कोरडी. दुसरी, तिसरी कोरडी. चौथीच्या गळ्याभोवती बोटांना ओल लागली. थर्मासच्या बाहेरच्या अंगाला गारवा लागू नये. लागला तर आतली पोकळी आता पोकळी राहिली नाही, बारीकशा चिरेतून तिच्यात हवा शिरते आहे.

आणि मग त्यांना आपली चूक दिसली. ती त्यांना एकदम, सबंध दिसली. दुसऱ्यांच्या चुका दिसत तशीच.

दोन महिन्यांपूर्वी तारीख ठरली तेव्हापासून त्या रोज सकाळी चौथ्या टाकीत एक भांडे जास्त ओतत होत्या. नियमात ते बसत नव्हते. पण खोलीत आल्यावर आधी तिचे झाकण उचलायचे, नरसाळे लावायचे, गळ्यापर्यंत भरायची आणि मग पुढच्या कामाला लागायचे, ही सवय जडली होती. सुरुवातीला एका भांड्याने भागे. मग दोन लागू लागली, मग चार. वाढत्या पोराच्या भुकेसारखे ते इतके हळूहळू वाढले की वाढणाऱ्या हाताला कळलेच नाही. आणि आकडा त्या लिहीत तो भरून झाल्यावरचा.

इथे तो मंजूर झालेला अर्ज येतो. जुन्या तक्त्यात दोन रकाने होते: भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर. तीन वर्षांपूर्वी बाईंनी तीन पाने लिहून सिद्ध केले होते की दोनदा मोजण्यासाठी झाकण दोनदा उघडावे लागते, थंडी दोनदा वाया जाते, आणि टाकी दर वेळी त्याच खुणेपर्यंत भरायची असल्याने पहिला आकडा निरर्थक आहे. युक्तिवाद बिनतोड होता. पहिला रकाना रद्द झाला. 'मंजूर' असा शिक्का असलेली ती प्रत त्यांनी खणात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. धोक्याचा गजर होता, पण तो पातळी निम्म्याखाली गेल्यावर वाजायचा. आणि मायेने भरलेली टाकी निम्म्यावर येतेच कशाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरण्यापूर्वी पट्टी सोडली. पांढरे हिम खुणेच्या पाच बोटे खाली संपले होते. चांगली टाकी पाच बोटे उतरायला दहा दिवस घेते.

त्या व्यवस्थापकाकडे गेल्या. तो तरुण होता, नीटनेटका होता, आणि बाईंचे अर्ज न वाचता फाइलला लावण्यात वाकबगार होता. त्यांनी सांगितले की चौथी टाकी निकामी होते आहे, आजच रिकामी करायला हवी. त्याने भिंतीवरचा तक्ता मागवून टेबलावर पसरला.

"मावशी, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"साठ दिवस सरळ रेघ आहे. इतकी निरोगी टाकी मी पाहिली नाही," तो म्हणाला, आणि मग जरा मऊ आवाजात, "तुमच्या भाचीची तारीख जवळ आलीय. जीव वर-खाली होतो, मला कळतं. पण त्यासाठी एकशे बारा कुटुंबांचे भ्रूण इकडचे तिकडे हलवायचे? हलवतानाच काही झालं तर? कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी येतोय, तो बघेल."

मावशी पूर्वी चाळीस वेळा ओरडली होती. एकेचाळिसाव्या वेळी लांडगा खरा होता, एवढाच फरक. बाईंना राग आला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. भाचीबद्दल तो बोलला ते खोटे नव्हते.

तक्ता का खोटे बोलतो, हे त्या एका वाक्यात सांगू शकत होत्या. पण त्या वाक्याचा अर्थ असा, की अर्जबाईंनी नियम मोडला, नात्यातल्या माणसासाठी मोडला, आणि त्यांच्याच शहाणपणाने चूक लपली. निवृत्तीला पाच वर्षे होती. शीतखोलीत परत येऊन त्या स्टुलावर बसल्या, आणि दुसरा रस्ताही त्यांना दिसला. तो सोपा होता. तेवीसचे बावीस दिवस झाले होते. दिवसातून तीनदा भरायची, गप्प बसायचे. शेवटची नळी बाहेर पडली, भ्रूण भाचीपाशी पोचला, की मग टाकीचे काय व्हायचे ते होवो. कंपनीचा माणूस येईल, तो बघेल. कुणाला कधी कळणार नाही.

त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग चौथ्या टाकीची यादी काढून वाचू लागल्या. यादीत नुसते नोंदणी क्रमांक होते, पण चौदा वर्षांत क्रमांकांना चेहरे आले होते. हा क्रमांक त्या उंच बाईचा, जी प्रतीक्षागृहात विणत बसायची आणि निकाल आला की विणलेले उसवायची. हा त्या जोडप्याचा, ज्यातला नवरा दर वर्षी फोन करून फक्त एवढेच विचारायचा, की सगळं ठीक आहे ना. आणि बाई त्याला दर वर्षी, ठीक आहे, मी आहे, असे सांगत आल्या होत्या.

त्यांनी कागद घेतला, कार्बन लावला आणि वर लिहिले: 'विषय: अर्जदाराच्या स्वतःच्या चुकीबाबत.'

तो अर्ज त्यांनी स्वतः मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी चष्मा लावला, सवयीने शेवटचे पान शोधले आणि ते सापडेना, तेव्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"चौदा वर्षांत एका पानात संपलेला हा तुमचा पहिला अर्ज," ते म्हणाले.

"चूक माझी आहे. लांबवायला दुसरं कुणी नव्हतं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तरुण भ्रूणतज्ज्ञ मुलीला बोलावले. सूक्ष्मदर्शकावर बसून भ्रूण गोठवण्याचे आणि पुन्हा कोमट करून उकलण्याचे काम तिचे. केंद्रात एकटी तीच बाईंना मावशी न म्हणता नुसते 'बाई' म्हणे. तिने अर्ज वाचला आणि सुचवले की भांडायला कशाला हवे, दिवसभर भर घालू नये आणि तासातासाला मोजावे. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आहे, सात तासांत धोका नाही.

सकाळी नऊपासून मोजणी सुरू झाली. शेजारी ताडून पाहायला तिसरी टाकी ठेवली होती. तिसरीचा आकडा दिवसभर केसभरही हलला नाही. चौथी अकरा वाजता अर्धे बोट उतरली, एक वाजता दीड, आणि चार वाजता पट्टी बाहेर आली तेव्हा व्यवस्थापक स्वतः वाकून पांढरे कुठे संपते ते बघत होता. साडेतीन बोटे. चीर दर तासाला मोठी होत होती. तो उठून शिलकीतली टाकी शोधायला गेला. ती भांडारात निघाली. तिच्यात कुणीतरी जुनी भित्तिपत्रके गुंडाळून उभी करून ठेवली होती. याबद्दलही एक अर्ज होता. तो कुणी काढला नाही, बाईंनीही नाही.

टाकी धुऊन, भरून, रात्रभर पारखून दुसऱ्या दिवशी भ्रूण हलवायला घेतले. रीत अशी: नळी वर काढली की तीन-चार सेकंदांत दुसऱ्या टाकीत बुडलीच पाहिजे, तेवढ्यात एकीने क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसरीने यादीवर पाहून तोच उलट म्हणायचा. दोन्ही जुळले नाहीत तर नळी परत खाली. बाई वाचत होत्या, भ्रूणतज्ज्ञ मुलगी म्हणत होती. खोलीत पांढरी वाफ गुडघ्यापर्यंत साचली होती. दोन तास त्या दोघींशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

यादीत एक्क्याऐंशीवा क्रमांक आला तेव्हा बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि हातमोजे काढले.

"हा मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "नात्यातलं माणूस असेल तर दुसऱ्याने हात लावावा. तसा नियम असावा म्हणून मी अर्ज केला होता."

"तो नामंजूर झाला होता," व्यवस्थापक खालच्या आवाजात म्हणाला.

"म्हणून काय झालं."

मग मोठ्या डॉक्टरांनी ते मोजे चढवले. त्यांनी हे काम गेल्या दहा वर्षांत केले नव्हते. चिमटा गळ्यात शिरला, नळी वर येऊ लागली, आणि त्यांचा हात फुरसतीने वर चालला.

"डॉक्टर, हात वर नको," बाई म्हणाल्या. "गळ्यातच ठेवा. वाचा. आता उचला. खाली."

नळी नव्या टाकीत बुडाली. बाईंनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. "हं, आता द्या ते मोजे इकडे," त्या म्हणाल्या, आणि उरलेले एकतीस त्यांनी हलवले.

भ्रूण काढून घेतलेली चौथी टाकी द्रवासकट कोपऱ्यात ठेवून दिली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरून आपोआप पांढरी होऊ लागली. आधी गळा, मग पोट, मग सबंध अंग हिमाने मढले, आणि दीड तासात आतले सगळे उडून गेले. फरशी पुसणारी बाई दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, हिचा तर पार जीव गेला की." बाईंनी तिला पाणी पुसायला मदत केली.

संध्याकाळी त्या भाचीकडे गेल्या. ती नुकतीच डेपोतून आली होती; खाकी शर्ट अजून अंगावर होता. बाईंनी सगळे क्रमाने सांगितले, स्वतःची चूक आधी. ती भ्रूणाला बाधली असेल की नाही हे उकलल्याशिवाय कळणार नाही, हेही सांगितले. जावई हातातला स्पॅनर पुसत ऐकत राहिला.

भाचीने खाकी शर्टाच्या बाह्या गुंडाळल्या.

"म्हणजे तू त्याला रोज सकाळी पाजत होतीस?" ती म्हणाली.

"नायट्रोजन."

"अजून पोटातही आलं नाही, माऊ, आणि लाडावून ठेवलंस."

ती हसली, आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. जावयाने खुर्ची पुढे सरकवून सांगितले की टाकीत रोज भर पडली म्हणूनच ती एवढे दिवस टिकली, नाहीतर कधीच आटली असती. इंजिनवाल्याचा हिशेब होता तो, आणि बाईंनी तो मनातून तपासला. तो चुकीचा नव्हता. पण त्याने चूक बरोबर होत नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. सवयीला औषध नसते.

तारखेच्या सकाळी भ्रूणतज्ज्ञ मुलीने नळी कोमट द्रावात उकलली आणि बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाई दाराशी उभ्या होत्या. चौदा वर्षे त्यांनी थंडी सांभाळली. त्या थंडीत काय आहे ते कधी पाहिले नव्हते. ते त्यांचे काम नव्हते.

"या, बाई, बघा," मुलगी म्हणाली.

आधी त्यांना फक्त एक चुरगळलेला, आक्रसलेला गोळा दिसला. गोठवताना पाणी काढून घेतलेले असते. उकलल्यावर पेशी जिवंत असतील तर ते पुन्हा आत घेतात आणि गोळा फुगतो. नसतील तर तसाच पडून राहतो. दोन तास थांबायचे. प्रतीक्षागृहातले घड्याळ सात मिनिटे मागे होते, म्हणून बाईंनी स्वतःच्या मनगटावर पाहिले. दीड तासाने मुलीने पुन्हा बोलावले. गोळ्याच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखी पोकळी उघडली होती. त्या बघत असतानाच ती जराशी रुंदावली. किंवा त्यांना तसे वाटले.

"पाणी घेतोय," मुलगी म्हणाली. "तहान लागलीय त्याला. खालच्यांना सांगा, तयार राहा."

बाई जिना उतरल्या. खाली भाची हिरव्या झग्यात, स्टीअरिंग धरल्यासारखी पलंगाची कड धरून बसली होती. बाईंनी तिला फक्त मान डोलावून दाखवली.

बाईंच्या अर्जावर पुढे निर्णय झाला. त्यांना लेखी समज मिळाली, आणि तक्त्यातला पहिला रकाना परत आला. समजपत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या बाईंनी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि पत्र प्लॅस्टिकच्या त्याच पाकिटात, मंजूर अर्जाच्या पाठीला लावून ठेवले. शीतखोलीच्या दाराला, कुणी न सांगता, नवी बिजागरी बसली. खुर्ची आता बसायला मोकळी होती.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून सोळाव्या दिवशी दुपारी त्या नवी चौथी टाकी मोजत असताना फोन वाजला. पट्टी हवेत हलवून आकडा पहिल्या रकान्यात लिहीपर्यंत त्यांनी तो वाजू दिला.

"माऊ, एक अर्ज लिहून हवाय," भाची म्हणाली. मागे बसच्या इंजिनाची घरघर होती. "डेपोत द्यायचाय. मोठ्या रजेचा. तुझ्या हातचा असला की नामंजूर करायची कुणाची छाती होत नाही."

बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"रक्त तपासलं?"

"दोनदा. पहिला आकडा आणि दोन दिवसांनंतरचा. दुपटीने वाढलाय."

"ठोके ऐकू येईपर्यंत थांबावं," बाई म्हणाल्या. "घाई बरी नव्हे. अजून तीन आठवडे आहेत. काहीही होऊ शकतं."

"ते मला माहीत आहे. लिहिणार आहेस की नाही?"

त्यांनी स्टूल ओढले, कागद घेतला, कार्बन लावला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, कारण सविस्तर लिहिले. तीन पाने झाली. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. मग उठून त्यांनी नरसाळे लावले, टाकी खुणेपर्यंत भरली, एक थेंबही जास्त नाही, आणि दुसऱ्या रकान्यात नंतरचा आकडा लिहिला.